पाटावरची वाळू

१

भुलाबाई पाटावर नव्हत्या. शेजारचे भुलोजीही नव्हते. सकाळी मी स्वतःच्या हाताने अंथरलेला लाल खण तेवढा जागच्या जागी होता, आणि त्या खणावर चिमूटभर अक्षता व थोडी ओली वाळू पडलेली होती.

बुलढाण्यात बहुरंगी लोककला महोत्सव भरवावा, ही कल्पना माझ्या चिरंजीवांची, म्हणजे उद्धवची. तोच समितीचा अध्यक्ष. राज्योराज्यीच्या कला एका मंचावर याव्यात याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्यासाठी शाळेच्या पटांगणावर प्लास्टिकचे हिरवे गवत अंथरावे, ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभाराव्यात, आणि सातपुड्यातल्या कोरकूंच्या नाचाला ‘धमाल आयटम’ म्हणणारी निवेदिका बाहेरगावाहून आणावी, याची आवश्यकता मला आजही पटलेली नाही. दोन दिवस मी हे सोसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या महिला मंडळाची भुलाबाईची गाणी होती, म्हणून त्या दिवशी सकाळपासून मंचामागच्या कापडी खोलीत मी स्वतः बसले.

भुलाबाई ठाऊक नाहीत अशांसाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पार्वती माहेरी येते. तिची आणि भुलोजींची मातीची मूर्ती पाटावर बसवायची, मुलींनी टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखायचे. कोजागिरीला तिची पाठवणी. मूर्ती कुंभाराकडची, साधी. मात्र तिच्या नाकात माझ्या सासूबाईंची सोन्याची नथ होती. मातीच्या मूर्तीला खरी नथ घालू नये असे घरातल्या प्रत्येकाने मला सुचवून पाहिले होते. माहेरवाशिणीला बिननथीची चारचौघांपुढे बसवणे मला मान्य नव्हते.

दुपारी जेवून परतले, तर पाट रिकामा.

माझा आवाज ऐकून प्रथम धावून आला तो दीपक, समितीचा सचिव. मोठ्याने बोलल्याशिवाय कोणतेही काम पार पडत नाही अशी या गृहस्थाची श्रद्धा आहे. त्याने वाळू पाहिली, खाली वाकून बोटाने चाचपली, आणि सर्व मंडपाला ऐकू जाईल अशा स्वरात जाहीर केले की ही चोराच्या पायाची माती आहे, आणि या भागात अनवाणी वावरणाऱ्या फक्त पडद्यापलीकडच्या बंजारा बायका आहेत.

चोराने पाय पाटावर कशाला ठेवावा, असे मी विचारणार होते. तेवढ्यात पलीकडे थैल्या उपड्या होऊ लागल्याचा आवाज आला.

२

मी पडदा सारून गेले तोवर लोणारकडच्या तांड्यावरून आलेल्या त्या बायकांचे सर्व सामान हिरव्या गवतावर पसरलेले होते. आरशांचे घागरे, ओढण्या, भाकरीची फडकी, एकीच्या तान्ह्या मुलाची लंगोटी. भोवती दहा-पंधरा माणसे मोबाइल उंच धरून उभी. नथ अर्थातच नव्हती.

त्यांची प्रमुख झमकूबाई राठोड. वयाने माझ्याहून थोडी लहान, कोपरापर्यंत चुडे, पाठीचा कणा ताठ. ती ओरडली नाही की रडली नाही. एकेक वस्तू उचलून झटकीत होती आणि घडी घालून थैलीत ठेवीत होती.

उद्धव तेथेच उभा होता. त्याने कुणाला थांबवले नाही. त्याचा चेहरा उतरलेला दिसला. पाहुणे मंत्रालयातून येणार, त्यात हा प्रसंग, म्हणून उतरला असेल असे मी धरले.

दीपकने माझ्यापुढे लिहिलेला कागद आणि पेन धरले. नथ माझी, तेव्हा तक्रारही मीच द्यायची. सही झाली की पोलिसांना बोलवायचे, आणि बंजारा पथकाचा संध्याकाळचा कार्यक्रम रद्द करून त्यांना परत पाठवायचे, असे समितीने ठरवून टाकले होते. हे ठरवायला समितीला पाच मिनिटेही लागली नव्हती. याच समितीने चहाचा कंत्राटदार ठरवायला तीन बैठका घेतल्या होत्या.

झमकूबाईने तेव्हा प्रथम माझ्याकडे पाहिले.

“करा सही, बाई. पन येक आयका. पोलिसाची गाडी तांड्यावर आली, का मंग आमच्या पोरीयले कोनी नाचाले बलावनार नाही. नथ सापडो का न सापडो.”

तिचे म्हणणे खरे होते, हे त्या जमावातल्या प्रत्येकाला कळले असावे, कारण दोन-तीन मोबाइल खाली आले. मी कागद हातात घेतला आणि दीपकला सांगितले की तक्रार मी अवश्य देईन; मात्र कुणाविरुद्ध द्यायची ते पाहुणे येण्यापूर्वी मी सांगेन, तोवर या बायकांपैकी कुणालाही हात लावायचा नाही आणि कुणाला हलवायचेही नाही.

उद्धव म्हणाला, “आई, तू कशाला त्रास करून घेतेस? जाऊ दे ती नथ.”

सासूबाईंची नथ जाऊ दे, असे या घरातले कुणी माझ्या तोंडावर म्हणेल, यावर माझा विश्वास बसेना.

३

मी झमकूबाईला माझ्या खोलीत नेले आणि रिकाम्या पाटापुढे बसवले. बाहेर आसामकडच्या मुलींच्या ढोलाची तालीम सुरू झाली होती आणि निवेदिका कुणाला तरी ‘चेक, चेक’ म्हणत होती. त्या गदारोळात मला विचार करायचा होता.

दुपारी येथे कोण आले, असे मी तिला विचारले. ती म्हणाली की त्या सगळ्याजणी मंचावर तालमीला होत्या. परतल्या तेव्हा पडदा लावलेला होता आणि आत कुणी तरी पुटपुटत होते. पूजा चालली असेल समजून तिने पोरींना गप्प बसवले. तिला वाटले मीच असेन.

पुटपुटणे. मग मी तिला माझे अनुमान सांगितले, आणि कबूल करते की ते सांगताना मला थोडा अभिमान वाटत होता. सकाळी खण अंथरताना पाट मी पुसून घेतला होता. पूजा संध्याकाळची, तेव्हा अक्षता तेथे असण्याचे कारणच नव्हते. मूर्ती हलवण्यापूर्वी अक्षता वाहून निरोप द्यायचा आणि विसर्जन करून परतताना काठची मूठभर वाळू आणून रिकाम्या पाटावर ठेवायची, ही आमची रीत. तेव्हा मूर्ती चोरीला गेलेली नाही. कुणी तरी तिला यथासांग पाण्यात पोचवून आले आहे. आणि ज्याने हे केले तो आमच्यासारख्या घराण्यांतला असला पाहिजे. तांड्यावरच्या माणसाला हे सुचणार नाही.

झमकूबाई शांतपणे म्हणाली, “काऊन सुचनार नाही? आमच्या तांड्यावर बी गनपती बसते. वाळू आमी बी आनतो.”

माझ्या अनुमानातला अर्धा भाग माझ्या अहंकाराचा होता, तो तिने एका वाक्यात काढून टाकला. शिवाय त्याबरोबर तिची सुटकाही गेली, आणि हे तिलाही उमगले असणार. तरी तिने खोटा होकार दिला नाही.

पण मूर्ती पाठवणीआधी का पोचवावी? याचे कारण एकच संभवते. मूर्ती भंगली असावी. भंगलेली मूर्ती पाटावर ठेवायची नाही, पाण्यात सोडायची; आणि ज्याच्या हातून भंगली त्याला ती माझ्या दृष्टीस पडू द्यायची नव्हती.

मग नथ? चोराने नथ उतरवून माती तेथेच ठेवली असती. बाईमाणसानेही नथ उतरवलीच असती, परंतु निराळ्या कारणाने. आमच्याकडे पाठवणीच्या दिवशी भुलाबाईंचे दागिने बायका उतरवतात, मग कुंकू लावतात, आणि त्यानंतर पुरुष मूर्ती उचलून नेतात. पुरुषाने सवाष्णीच्या नाकातल्या नथीला हात लावायचा नसतो. येथे अक्षता झाल्या, नेणे झाले, वाळू आणणे झाले. पुरुषांच्या वाट्याचे सर्व काही नीट पार पडले, आणि बायकांच्या वाट्याचे तेवढे राहून गेले.

नथ भुलाबाईंसोबत पाण्यात होती. आणि नेणारा पुरुष होता.

हे मी मोठ्याने म्हटले. झमकूबाईने विचारले, कोण. ते अजून मला ठाऊक नव्हते.

४

भुलाबाईच नाहीत, तर खाऊचा डबा कुणापुढे ठेवायचा, म्हणून आमच्या मंडळातल्या सत्यभामाबाई रडत होत्या. यंदा खाऊ करण्याची पाळी त्यांची. आमच्या मंडळात मी खाऊ ओळखण्यात आजवर हरलेली नाही, म्हणून जिची पाळी असेल ती डबा माझ्यापासून लपवते. या वेळी तर त्यांनी तो बंगालच्या छाऊ नाचणाऱ्यांच्या मुखवट्यांच्या पेटाऱ्यात ठेवला होता, कारण त्या पेटाऱ्याला मी हात लावणार नाही याची त्यांना खात्री होती.

मी त्यांना एवढेच विचारले की भुलाबाईंना घाईने निरोप द्यायची वेळ आली तर सोबत काय द्याल. त्या डोळे पुसून म्हणाल्या,

“शिदोरी देऊ, दुसरं काय? लेक सासरी चालली अन् रिकाम्या हातानं पाठवू का तिले?”

डबा आणवला. फडक्याची गाठ पाहताच त्या म्हणाल्या की ही आपली गाठ नव्हे. आत करंज्या होत्या, एकावर एक रचलेल्या, आणि वरच्या थरात मधोमध दोन जागा मोकळ्या. भूक लागलेल्या माणसाने काठाकडून उचलल्या असत्या आणि दोनवर थांबला नसता. येथे एक भुलाबाईंसाठी घेतलेली होती आणि एक भुलोजींसाठी.

डब्याची जागा कुणाला ठाऊक होती, हे सांगायला सत्यभामाबाई कचरू लागल्या. अखेर बोलल्या. छाऊवाल्यांच्या प्रमुखाशी हिंदीत नीट बोलणे त्यांना जमेना, म्हणून त्यांनी उद्धवला सोबत नेले होते. त्याच वेळी दीपकही तेथे उभा होता.

आमची रीत जाणणारे दोघेच पुरुष. एक सचिव, ज्याने चोर म्हणून बंजारा बायकांकडे बोट दाखवण्याची घाई केली. दुसरा माझा मुलगा. मला दीपकचे नाव यायला हवे होते. त्याच्यावर मी सकाळपासून चिडलेलीच होते, आणि चिडलेल्या माणसाला पुरावा जवळच सापडतो. म्हणूनच मी स्वतःला बजावले की छाऊवाल्यांना विचारल्याशिवाय एक शब्दही बोलायचा नाही.

५

निमाई महतो हा पुरुलियाकडचा, बांधा काटक, वागणे अदबशीर. आपल्या मुखवट्यांपाशी पादत्राणे घालून येणाऱ्याला तो उभेही करीत नाही. समितीच्या लोकांशी पहिल्याच दिवशी त्याचा यावरून खटका उडाला होता, आणि त्या एका गोष्टीपुरते मी त्याच्या बाजूने होते.

दुपारी पेटारा कुणी उघडला, असे विचारताच तो ओशाळला. त्या वेळी साथीदार त्याच्या चेहऱ्यावर महिषासुराचा मुखवटा बांधत होते. मुखवटा चढला की समोरचा माणूस दिसत नाही. डोळ्यांच्या फटींतून खालची हातभर जमीन दिसते तेवढीच. ढोल तापवून वाजवून पाहणे चालले होते, त्यामुळे आवाजही ओळखता आला नाही. कुणी तरी ‘डिब्बा लेना है’ म्हणाले. पेटारा उघडण्यापूर्वी त्याने खाली वाकून मुखवट्यांना नमस्कार केला, म्हणून निमाईने अडवले नाही.

म्हणजे त्याला पायच दिसले.

“हाँ माँजी, पैर ही देखे. नंगे पैर, पानी में भीगे नहीं थे, सूखे थे. दाहिने पैर में अंगूठे पर दूसरी उँगली चढ़ी हुई थी.”

मी त्याला पुन्हा सांगायला लावले. त्याने स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर शेजारचे बोट चढवून दाखवले.

त्या पायाला मी दोन वर्षे रोज कोमट तेल लावले आहे. त्या बोटात कापसाची वळी ठेवून पट्टी बांधली आहे. वरवट बकाल या माझ्या माहेरगावच्या वैद्यांनी सांगितले होते की वयाबरोबर बोट सरळ होईल. ते झाले नाही, आणि त्या पायाला बूट घेताना आजही दुकानदार वैतागतो.

निमाईने विचारले की माँजींना पाणी हवे का. मी नको म्हटले आणि मंचाकडे चालू लागले. तक्रारीचा कागद अजून माझ्या हातात होता.

६

उद्धव मंचाच्या पायरीशी समितीच्या लोकांत उभा होता. दीपक पाहुण्यांची गाडी कुठवर आली ते फोनवर विचारीत होता. मी सर्वांदेखत मुलाला एकच प्रश्न केला.

“पाण्यात किती खोल गेला होतास?”

तो नाही म्हणाला नाही. सेहेचाळीस वर्षांचा माझा मुलगा, नगरपालिकेत ज्याच्या शब्दाला वजन आहे, माझ्यापुढे मान खाली घालून म्हणाला, “गुडघ्यापर्यंत, आई.”

पुढचे त्याने सांगितले आणि मी ऐकले. पाहुण्यांच्या छायाचित्राचा फलक पडद्यामागच्या खांबाला बांधताना त्याची लोखंडी चौकट निसटली आणि भुलोजींची मान मोडली. भंगलेली मूर्ती, तीही कार्यक्रमाच्या दिवशी, तीही माझ्या हातची बसवलेली. त्याने दोन्ही मूर्ती टोपलीत घालून मागच्या उतारावरच्या तलावात सोडल्या. नथ पाण्यात चालली आहे हे त्याला दिसत होते. तिला हात लावायचे धाडस झाले नाही. माझ्या रागाला भिऊन, कार्यक्रम संपला की सांगू, असे त्याने ठरवले.

मूर्ती मोडली याचा मला राग नव्हता. माती मोडतेच. निरोपही त्याने नीट दिला होता, अगदी करंजीसुद्धा विसरला नव्हता. देवाशी इतका चोख वागलेला माणूस पाच पावलांवर बायकांच्या थैल्या उपड्या होताना गप्प उभा राहिला, हे मला समजावून घेता येईना. मी तसे विचारले. तो म्हणाला की काही सापडणार नाही, मग प्रकरण आपोआप मिटेल असे त्याला वाटले. माझ्या पोटचा मुलगा हे म्हणाला.

मी त्याला आणि दीपकला तलावाकडे पाठवले. ते परतले तेव्हा उद्धवच्या मुठीत चिखल होता आणि चिखलात नथ. भुलाबाईंचा चेहरा विरघळून गेला होता, असे तो म्हणाला.

ध्वनिक्षेपकाचा मला तिटकारा आहे. तरीही निवेदिकेच्या हातातून तो घेतला आणि पटांगणाला सांगितले की नथ सापडली आहे, ती कुणी चोरली नव्हती, मूर्ती माझ्या मुलाच्या हातून भंगली आणि तो गप्प राहिला. बंजारा पथकावर घेतलेला आळ खोटा होता आणि त्याचा दोष माझ्या घराकडे आहे. तक्रारीचा कागद सर्वांसमोर फाडला. मग पडद्यामागे झमकूबाईकडे गेले. तिच्या बायका थैल्या डोक्यावर घेऊन निघण्याच्या तयारीत होत्या. मी हात जोडले, आणि ते जोडायला मला सोपे गेले नाही.

ती जागची हलली नाही.

“आमच्या थैल्या सगळ्यायसमोर उघडल्या,” ती म्हणाली. “हात जोडनं कोपऱ्यात झालं, तं ते लोकायले दिसत नाही.”

दीपक पुढे होऊन म्हणाला की बाईंनी आत्ताच माइकवरून सांगितले आहे. मी त्याला गप्प केले. तिचे काय म्हणणे आहे ते मला कळले होते. उद्धव आपले खिसे उपडे करू लागला; त्यालाही मी थांबवले. या घरात वडीलधारी मी आहे.

मंचासमोर, त्याच हिरव्या गवतावर, मी माझी पिशवी उपडी केली. मोबाइल पुन्हा वर आले. मी कुणाला खाली घ्या म्हटले नाही.

झमकूबाई उकिडवी बसली आणि दुपारी त्यांच्या सामानाची जशी तपासणी झाली होती तशी, एकेक वस्तू उचलून सर्वांना दिसेल अशी धरू लागली. जपमाळ. गोळ्यांच्या पाकिटांची गुंडाळी. कवळीची डबी, ती उघडूनसुद्धा. अडकित्ता. मग एक निळी चपटी डबी तिच्या हाती आली आणि तिने विचारले की हे काय.

ती डबी घरात कुणाला ठाऊक नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरांकडे मी एकटीने जाऊन ती आणली होती, आणि चारचौघांत वापरण्यापेक्षा लोकांना दोनदा बोलायला लावणे मी पसंत केले होते. उद्धव माझ्याकडे पाहत होता. सत्यभामाबाई पाहत होत्या. सगळे पटांगण पाहत होते.

“कानाचे यंत्र,” मी म्हणाले. “मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

झमकूबाईने डबी उघडली, यंत्र तळहातावर घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि ते माझ्यापुढे धरले. मागे वळून तिने आपल्या बायकांना त्यांच्या बोलीत काही तरी सांगितले. डोक्यावरच्या थैल्या खाली उतरल्या.

“घाला मंग कानात,” ती म्हणाली. “आमचं गानं सुरू होते आता.”

सर्वांच्या देखत मी ते कानात घातले.